शाळा पारखताना

जून तोंडावर आला की तालुक्याच्या चौकात फ्लेक्स झळकू लागतात. शिष्यवृत्तीधारक मुलांचे फोटो, नवोदयला निवड झालेल्यांची नावं, अमुक केंद्रात पहिली आलेली शाळा. पालक फोनाफोनी करतात आणि एकाच जिल्हा परिषदेच्या शाळांची मनातल्या मनात क्रमवारी लागते. ही चौकशी मला मोलाची वाटते. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं ते पारखूनच द्यावं. पण कशावरून पारखायचं?

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्यामागे लेकरंही जातात. कुणी आजीजवळ राहतं, कुणी हंगामी वसतिगृहात. टोळीबरोबर गेलेल्याचं हजेरीपटावर नाव असतं, वर्गात मूल नसतं. हंगाम संपवून ते परततं तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. दुसरीकडे शहरालगतच्या शाळेत नोकरदारांची मुलं, घरी अभ्यास घेणारं कुणीतरी, शिवाय शिकवणी. या दोन शाळांचे निकाल शेजारी ठेवले, तर त्यात शाळेच्या कष्टांआधी घरची परिस्थिती दिसते.

अशाच एका वस्तीवरच्या शाळेत मी तिसरीतल्या मुलीजवळ बसले होते. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. तिने पस्तीस लिहिले. बाईंनी उत्तर खोडलं नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. “दोनातून सात काढ बरं.” ती थबकली, मग एका गठ्ठ्याचा रबर काढला, बारा काड्या मोजल्या, सात बाजूला सारल्या. पाटीवर पंचवीस उमटले. ही कमाई कोणत्या फ्लेक्सवर येणार?

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं; आपल्या गावच्या शाळेचं चित्र आपणच जाऊन पाहायला हवं. शेवटच्या ओळीतलं मूल आज काय वाचतं आणि गेल्या जूनमध्ये काय वाचत होतं, हे गुरुजींना विचारावं. ज्यांना हे मुलागणिक सांगता येतं, त्यांच्या हाती लेकरू निर्धास्त द्यावं. चार इयत्ता आणि दोनच शिक्षक असतील, तर तेही लक्षात घ्यावं. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काय काम दिलंय, ते पाहावं.

आणि उणीव दिसली तर? बहुतेक जण दाखला काढतात. त्यांचा नाइलाज मी समजू शकते. पण पट घटला की शिक्षकाचं पद जातं आणि त्याची झळ, ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही, त्यांच्याच लेकरांना बसते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात असंही सांगितलं आहे. शेजारच्या शाळेत जे जमतं ते आपल्याकडे का जमत नाही, हा प्रश्न तिथे ठामपणे मांडता येतो. तुलना करावी ती यासाठी. चांगली शाळा शोधण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे, आणि आहे ती शाळा चांगली करून मागण्याचाही. दुसरा हक्क आपण वापरला, तर गावातल्या प्रत्येक लेकराचं भलं होईल.