पीएसएच्या पलीकडे

प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोनचे उपचार सुरू झाले, की घरादाराची नजर रक्ततपासणीतल्या एकाच आकड्यावर खिळते. पीएसए किती आला? माझ्या मामांकडेही तसंच होतं. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, मग रिपोर्ट, आणि आकडा उतरला की नातेवाइकांना फोन. दरम्यान त्यांचं पोट सुटत होतं, दंड रोडावत होते, जिना चढताना धाप लागत होती. मामी म्हणायची, "कॅन्सर आटोक्यात आहे ना, मग बाकीचं बघू सावकाश."

ते बाकीचं थांबत नसतं. या उपचारांनी टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला नेलं की स्नायू झिजतात, चरबी साठते, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू लागतं. या संप्रेरकावर गाठ पोसते, तेव्हा तेच तोडावं, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे इस्ट्रोजेनसारख्या गोळ्या आल्या. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत साठच्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसलं, की रोजच्या ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने कर्करोगाचे मृत्यू घटले, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराचे वाढले. त्या माणसांचा विचार मला सोडत नाही. ज्या रोगाला घाबरून ते आले त्याने नव्हे, तर दुसऱ्याच कशाने त्यांना नेलं.

आजची इंजेक्शनं वेगळी आहेत, तरी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये त्यांच्यावरही मधुमेह, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा इशारा छापायला लावला. रेलुगोलिक्स या गोळीच्या २०२० च्या चाचणीत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग २.९ टक्के रुग्णांत घडले, ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनावर ६.२ टक्क्यांत. मात्र त्याच वर्गातल्या डेगारेलिक्सच्या २०२१ च्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही. त्यामुळे नवं औषध घेतलं म्हणजे हृदयाची काळजी मिटली, असं मी मानणार नाही.

उपचार सोडा असं तर मुळीच नाही. पसरलेल्या कर्करोगात हे उपचार आयुष्य वाढवतात. मला सलतं ते एकाच माणसाच्या दोन फायली होणं. एका डॉक्टरांना पीएसए ठाऊक, दुसऱ्यांना ईसीजी, आणि इंजेक्शनाची गोष्ट हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

तुमच्या घरी कुणी हे उपचार घेत असेल, तर पुढच्या इंजेक्शनाआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तंबाखू बंद करा. रोजचं चालणं आणि झेपेल तेवढा ताकदीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. आधी झटका आला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.