गाडीच्या कडेचा पाईप

पांढरकवड्याहून निघून नागपूर-हैदराबाद महामार्गाला, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग 44 ला लागलं की कुठलीही गाडी चालते. प्रश्न येतो तो महामार्ग सोडल्यावर. केळापूर तालुक्यात सागाच्या जंगलाकडे जाणाऱ्या कितीतरी वाटा अशा आहेत की आधी थोडं डांबर, मग गिट्टी, मग नुसती काळी माती आणि मधे एक-दोन नाले. आमची शाळा अशाच एका वाटेच्या टोकाला आहे. आम्ही चौघे, दोन मॅडम आणि दोन सर, मिळून एक जुनी फोर बाय फोर बोलेरो वापरतो. डिझेल, टायर, विमा, सगळं चौघांत सारखं. त्यामुळे गाडीला एक नट जरी लावायचा असला तरी आधी मशवरा होतो.

मागच्या पावसाळ्यानंतर गाडीच्या दाराखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी गेला होता. नाल्यातले दगड चाकाखालून उसळून तिथेच बसतात. वेचणीच्या दिवसांत समोरून कापसाची बंडी आली की वाट इतकी अरुंद होते की बंडीच्या आखाचं टोक गाडीला घासल्याशिवाय राहत नाही. रंग निघाला की त्या जागी काळी माती चिकटते, माती ओल धरते आणि ओल पत्रा खाते. पत्र्याचं काम करून घेतलं आणि ठरवलं की उन्हाळी सुट्टीत दोन्ही कडांना लोखंडी पाईप बसवून घ्यायचे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे वेळ होता.

पाईप बसवायचे यावर चौघांचं एकमत होतं. वाद झाला तो पायदानावर.

आमच्यातल्या मोठ्या मॅडमना गुडघ्यांचा त्रास आहे. बोलेरो उंच, बुरखा सावरत एका पायावर भार देऊन वर चढणं त्यांना दर सकाळी जड जातं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पाईप लावतोच आहोत, तर त्यावर पट्टी टाकून पायदान करून घ्या. म्हणणं रास्त होतं. पण आमच्या भागात गाडीला पायदान असणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. काळी-पिवळी भरली की उरलेली माणसं पायदानावर उभी राहतात, हात टपाच्या कॅरिअरला. मोठी माणसं करतात ते पाहून पोरंही करतात. आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा असाच एका जीपच्या पायदानावरून वळणावर सुटला. मांडीचं हाड मोडलं, दोनदा ऑपरेशन झालं. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण दहावीला तो आपल्या वर्गाबरोबर बसू शकला नाही, आणि नंतर बसलाच नाही. आज तो चहाच्या टपरीवर दिसतो. सलाम करतो, चहाचे पैसे घेत नाही, आणि आम्हाला तो चहा उतरत नाही.

शाळेच्या वाटेवर एक कोलाम पोड लागतो. तिथली पोरं आमच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. पायदान लावलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर चार पोरं असतील, आणि ‘उतरा’ म्हटलं तरी शंभर पावलांवर पुन्हा असतील. एका सरांचं मत होतं, ओरडून सवय मोडता येते. पंधरा-वीस वर्षं वर्गात उभे राहिल्यावर आमच्यापैकी तिघांचा या उपायावर विश्वास उरलेला नाही.

हा तिढा आम्ही मिस्त्रींसमोर ठेवला. हे आमच्या ओळखीचे फॅब्रिकेशनवाले, साठीच्या पुढचे. शुक्रवारी दुपारी शटर बंद, बाकी दिवस मगरिबपर्यंत ठोकाठोक. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सर, पाव को जगह दोगे तो पाव आएगा. जगह ही मत दो.” म्हणजे असं: पाईप दाराखालच्या पत्र्याच्या इतका जवळ घ्यायचा की मधे जेमतेम एक इंचाची फट राहील. वरून गोल, गुळगुळीत. त्यावर बूट टिकत नाही. पायदान फक्त डाव्या पुढच्या दाराखाली, दहा इंचांचा चेकर प्लेटचा तुकडा, मॅडमपुरता. आणि टपावरचं कॅरिअर काढून टाकायचं. हाताला धरायला काही नसेल तर कुणी लटकणार कसं? कॅरिअर खरंच वर्षानुवर्षं रिकामं होतं. ते त्यांनी भंगाराच्या भावात वजा करून घेतलं.

आता कामाबद्दल, कारण हे वाचून कुणी आपल्या गाडीला पाईप लावायला गेलं तर काय पाहायचं ते माहीत हवं. पाईप दोन इंची, एम.एस.चा, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा. गॅल्व्हनाइझचा पाईप स्वस्तात दिला तरी घेऊ नये. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो कारागिराच्या छातीला वाईट, आणि त्या पाईपवर साधा रंगही नीट धरत नाही. मिस्त्रींनी आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचे नमुने कापून गाडीला लावून पाहिले: दार पूर्ण उघडतं का, जॅक लावायची जागा झाकली जाते का, पाईप चेसिसच्या खाली तर लोंबत नाही. खाली लोंबला की संरक्षण राहिलं बाजूला, नाल्यातल्या दगडाला आधी तोच अडकणार. टोकं वाकवायला त्यांनी जुनी पद्धत वापरली. पाईपमध्ये कोरडी रेती ठासून भरली, तोंडं बंद केली, तापवून वाकवला. रेतीमुळे पाईप चेपत नाही. रेती आधी तव्यावर भाजून घेतली होती, कारण ओल राहिली तर आत वाफ कोंडून पाईप फुटतो.

चेसिसला वेल्डिंग करू दिलं नाही, आणि त्यांनीही केलं नसतं. बोलेरोचा सगळा भार त्या सांगाड्यावर असतो. तिथे आच लागली की लोखंडाची ताकद कमी होते. शिवाय त्याच्याच कडेने डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळ्या गेलेल्या असतात. म्हणून सहा मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट, एका बाजूला तीन, चेसिसमध्ये आधीच असलेल्या भोकांतून बोल्टने कसलेले. बॅटरीची वायर काढून जागेवर फक्त टाके मारले, मग सगळं उतरवून दुकानात पूर्ण वेल्डिंग. एक जोड त्यांना पसंत पडला नाही. आमच्या डोळ्यांना त्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी ग्राइंडरने तो पूर्ण कापला आणि पुन्हा भरला. कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे आणि चिलखताच्या कड्या मापात ठेवण्याची आज्ञाही. वर्षानुवर्षं ते वाचताना आमचं लक्ष लोखंड मऊ होण्याकडे असायचं. त्या दुपारी ते मापाकडे गेलं.

चौघांपैकी एकाच्या मनात पुढेही जाडजूड गार्ड लावायचं होतं. मिस्त्रींनी हात जोडले. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढचे क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग ठरवले. कारणही पटण्यासारखं आहे. गार्डला धडकणाऱ्या पायी माणसाला जास्त मार बसतो, आणि आतल्यांनाही, कारण कंपनीने पुढचा भाग चेपून धक्का शोषावा असा बनवलेला असतो, तो गार्डमुळे तसा चेपत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत तर ती उघडण्याची वेळही चुकू शकते. कडेच्या पाईपबाबतही आम्ही तालुक्याला कॅम्प लागला तेव्हा निरीक्षकांना पुठ्ठ्याचा नमुना दाखवून विचारून घेतलं. ते म्हणाले, “बॉडीच्या बाहेर नाई गेला पाह्यजे, बस.” तो दाराच्या रेषेच्या आतच आहे.

हेही सांगून टाकतो की हा पाईप ट्रकपासून वाचवत नाही. दगड, खुंट, बंडीचा आख, एवढीच त्याची ऐपत. लोखंड लावलं म्हणून महामार्गावर छाती काढून गाडी चालवणारे आम्ही पाहतो. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, ही शिकवण सगळ्यांना पाठ असते. बांधलेल्या उंटावर बसून शर्यत लावणाऱ्यांचं काय करावं?

रंग आम्ही स्वतः दिला, मजुरी वाचावी म्हणून आणि हौस म्हणूनही. नव्या पाईपवर तेलाचा थर असतो. तो थिनरने पुसला नाही तर वरचा सगळा रंग सालपटासारखा निघतो. मग पॉलिश पेपर, आधी 80 नंबर, मग 220. वेल्डिंगची राख आणि शिंतोडे छिन्नीने काढले. रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन हात, मधे एक रात्र. त्यावर काळ्या सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात, तेही सकाळी सावलीत, कारण मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात रंग वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. नागपूरला पाठवून पावडर कोटिंग करून घ्या असं काहींनी सुचवलं. दिसायला ते सुंदर, पण दगडाने टवका उडाला की त्याच्या कडेने पाणी आत शिरतं आणि घरी डागडुजी नीट होत नाही. ब्रशचा रंग दिसायला ओबडधोबड, पण डबा घरात असला की दहा मिनिटांत टवका बुजतो. पाईपची टोकं बंद केली होती, म्हणून खालच्या अंगाला बारीक भोकं ठेवली, आतलं पाणी गळून जायला.

सगळं मिळून साडेसात हजार, कॅरिअरचे वजा जाऊन.

जुलैत पहिल्या पावसात नाल्यातून गाडी काढली तेव्हा पाईपला दगड लागल्याचे तीन आवाज ऐकू आले. पत्रा शाबूत राहिला. मॅडम आता स्वतःच चढतात, कुणाचा हात न धरता. एक इंचाच्या फटीत मात्र माती गच्च बसते. ती दर शनिवारी पऱ्हाटीच्या काडीने कोरून काढावी लागते, आणि पाळी कुणाची यावर मशवरा होतो.

पोडावरच्या पोरांनी पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरून पाहिलं. एकाने पाईपवर पाय ठेवला, तो घसरला. त्याने वर हात नेला, कॅरिअर नव्हतं. ‘काहून काढलं सर?’ असं विचारून तो चालायला लागला. गाडी सात जणांची. आम्ही चौघे, मग उरतात तीन जागा, त्या सगळ्यात लहान तिघांच्या. बाकीची सात-आठ पोरं दोन किलोमीटर चालत येतात. पाऊस असला की भिजून, हजेरी झाल्यावर पोचतात. त्यांच्यासाठी एसटीची फेरी पोडापर्यंत यावी म्हणून गावाने अर्ज दिलाय. त्यावर सह्या करणाऱ्यांत आम्ही चौघेही आहोत.

काळ्या रंगाचा अर्धा डबा उरला आहे. त्यातून डागडुजीपुरता ठेवून बाकीच्यात शाळेच्या फाटकाचे खालचे गज रंगवले. वरच्यांना पुरला नाही.