मुअल्लिम

मेडशीच्या माणसांनी समुद्रातल्या वाटांविषयी लिहावे, हे ऐकून कोकणातले वाचक हसतील. हसोत बापडे. आमचा वाशीम जिल्हा समुद्राला अगदीच परका नाही. जिल्ह्याच्या उत्तर उतारावरचा पाऊस काटेपूर्णेतून पूर्णेत, तिथून तापीत आणि सुरतेकडे अरबी समुद्रात जातो. दक्षिणेकडचा पाऊस पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बंगालच्या उपसागराला मिळतो. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला जहाजे जात होती. परत आलेले हाजी जमजम आणि खजूर वाटताना जहाजाच्या हेलकाव्यांविषयीही तासन्‌तास बोलत, असे आमच्या घरातली मोठी माणसे सांगतात.

उर्दू शाळेतल्या भूगोलात भरती-ओहोटीला मद्दोजजर म्हणतात, खाऱ्या वाऱ्यांना नसीमे-बहरी आणि मतलई वाऱ्यांना नसीमे-बर्री. मौलाना हालींच्या १८७९ च्या मुसद्दसचे नावच ‘मद्दो-जज्रे-इस्लाम’. त्यामुळे आमची मुले भरती-ओहोटी आधी शायरीत भेटतात, पाण्यात मागाहून, किंवा कधीच नाही.

समुद्रावरची मराठी भाषा मात्र आम्हांला ओळखीची वाटते. खलाशी, सुकाणू, तुफान, बंदर, किनारा हे शब्द अरबी-फारसी वाटांनी मराठीत आले आणि इथलेच झाले. कोकणातल्या नाखवा या शब्दात आमचा नाखुदा बसलेला आहे. अबुल फजलच्या ‘आईने-अकबरी’त जहाजावरच्या नोकरांची यादी आहे. तिच्यात नाखुदा आहे, तांडेल आहे, सरहंग आहे, आणि नाखुद्याच्या खालोखाल मुअल्लिम आहे. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. जहाजावर मात्र हा शब्द वाट दाखवणाऱ्यासाठी आहे. खोली किती, खडक कुठे, तारा कोणता, हे ज्याला कळते तो मुअल्लिम. पगारपत्रकावर आयुष्यभर ‘सहायक शिक्षक’ म्हणून सही करणाऱ्या आम्हांला हे वाचून बरे वाटले आणि जरा भीतीही वाटली.

या भीतीचा अर्थ राजपुरीला कळला. हिवाळ्यात आम्ही शाळेची सहल घेऊन जंजिरा पाहायला गेलो होतो. सहलीत मुली निम्म्याहून अधिक होत्या. आमच्याकडे एका मुलीला सहलीला पाठवायचे म्हणजे वडिलांची, काकांची, आजीची, मग कुठेतरी मामांचीही परवानगी लागते. ही सगळी दारे आम्ही घरोघर जाऊन ठोठावली होती. चार वाजता धक्क्यावर पोहोचलो तेव्हा किल्ला समोर दिसत होता, मुले उड्या मारत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचे ठरले होते.

ज्या चाचांच्या शिडाच्या होडीतून जायचे होते त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि मान हलवली. “आज नको, मास्तर. पाणी बाहेर जातंय, वारा आत येतोय. दोघांची गाठ मधेच पडते.”

आम्हांला समजेना. वर तर आभाळ स्वच्छ होते. तेव्हा चाचांनी आम्हांला मुलांसकट धक्क्यावर बसवले आणि शिकवले. त्या दिवशी चांदाची चौदा तारीख होती. उर्दू शायरीत चौदावीचा चांद म्हणजे सौंदर्य. तांडेलाच्या हिशेबात तो उधाण आहे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढते आणि तितक्याच जोराने उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी. भरतीची वेळ काढायचा त्यांचा हिशेब सोपा होता : तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता सुमारे पूर्ण भरती. चौथीला तीन, अष्टमीला सहा. पंधरवडा संपला की पुन्हा एकपासून. चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक मागे असते, म्हणून तिच्यात एक मिळवायचा. चौदात एक मिळवला, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारपासून खाडीचे पाणी समुद्राकडे धावत होते आणि दुपारनंतरचा खारा वारा त्याला तोंडावर मारत होता. पाणी आणि वारा एका दिशेने असले तर लाट लांब आणि सैल असते. समोरासमोर आले तर ती आखूड, उभी होते आणि लहान होडीला सावरायला वेळ देत नाही.

मग त्यांनी वाट कशी निवडतात ते सांगितले. पांढरा फेस सतत फुटतो तिथे तळ वर आलेला असतो, वाळू किंवा खडक. दोन फेसांमधला काळसर, गुळगुळीत पट्टा म्हणजे खोल पाणी. पण तेवढ्यावर विसंबायचे नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक दूरची. मशिदीचा मिनार आणि मागच्या डोंगराचे टोक, किंवा देवळाचा कळस आणि एखादे माड. दोन्ही एका रेषेत दिसत आहेत तोवर होडी वाटेवर आहे. फाकल्या की प्रवाहाने आपल्याला बाजूला ओढले. खाडीच्या तोंडाशी घाई करायची नाही. बाहेर थांबून लाटा मोजायच्या, मोठ्या लाटा गेल्या की मागच्या शांततेत शिरायचे, आणि काही झाले तरी होडी लाटेला आडवी होऊ द्यायची नाही.

“आणि मास्तर, होडीत बसणं सोपं. किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी वर-खाली होते, तिथं पोरींना उतरवायचं आहे.”

आमच्यातले काही नाराज झाले. इतक्या लांबून आलो, मुले रडतील, पालक काय म्हणतील? दुसरा एक नाववाला न्यायला तयारही होता. थोडी वादावादी झाली. शेवटी आम्ही मुलांना सांगितले, आज जायचे नाही. काही मुली खरेच रडल्या. रात्री एका ओळखीच्या घराच्या अंगणात आणि मदरशाच्या खोलीत मुक्काम झाला. सकाळी आठ वाजता, चढत्या पाण्यावर, मंद वाऱ्यात चाचांनी आम्हांला दोन खेपांत नेले. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे मुलांनी स्वतः पाहिले. सिद्दी इथे होते आणि समोर शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हा धडा तिथे उभे राहून शिकवताना वेगळाच वाटला. लाटेने दोघांनाही कधी धर्म विचारला नसेल.

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अमावास्या आणि रमजान दोन्ही तोंडावर होते, प्रत्येकाला घरी पोहोचायचे होते. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथे तर समुद्रही नव्हता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बहुतेक मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. ती बातमी आमच्या शिक्षककक्षात वाचली गेली तेव्हा कुणी बराच वेळ बोलले नाही. त्या दिवशी राजपुरीला आमच्या एका मुलीला काही झाले असते, तर तिच्या घराबरोबर मेडशीतल्या कितीतरी मुलींच्या शाळेचे दार बंद झाले असते.

आपल्या समाजात ‘अल्लाह मालिक’ म्हणून पुढे जाण्याची सवय आहे. श्रद्धा म्हणून ती आम्हांला प्रिय आहे. पण आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, ही शिकवणही आमचीच आहे. चाचाही ‘बिस्मिल्लाह’ म्हणूनच दोर सोडतात. मात्र चांद, वारा आणि खुणा पाहून झाल्यावर. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. आम्ही बी.एड. झालेले. धक्क्यावर त्या संध्याकाळी मुअल्लिम कोण होते, हे मुलांनी बरोबर ओळखले.

आता आमच्या शाळेच्या सहलीच्या पत्रकात एक ओळ उर्दू आणि मराठी दोन्हींत छापली जाते : पाण्यावरचा कार्यक्रम तांडेलाच्या शब्दावर राहील आणि त्यासाठी एक दिवस राखून ठेवला आहे. त्या दिवसाचा खर्च थोडा वाढतो. पालक तो कुरकुर न करता देतात.