दुसरी बादली

माझ्या सासूबाईंचे वय 82. पहाटे उठल्यावर आधी स्नान, मग देवपूजा आणि त्यानंतरच चहा, हा त्यांचा क्रम मी या घरात आल्यापासून पाहत आले आहे. गेल्या डिसेंबरात, नाशिकची थंडी वाढू लागली तशी, या क्रमात खंड पडू लागला. "आज अंगच पुसून घेते गं," असे त्या म्हणत. आधी आठवड्यातून एखाद्या दिवशी, पुढे एक दिवसाआड. स्नान नाही म्हणून देवघरात जाणे नाही. दुरूनच हात जोडून त्या खुर्चीत बसून राहत.

वैद्यकीय व्यवसायात तीस वर्षे काढल्यावर मनाला एक वळण पडलेले असते. नित्यकर्मांविषयीची अनास्था म्हणताच थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, रक्तक्षय, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी यादीच माझ्यापुढे उभी राहिली. मी रक्त तपासले. अहवाल निर्दोष आले. मग सहज विचारल्यासारखे करून स्मरणशक्तीचीही चाचणी घेतली. त्यांनी तारीख सांगितली, तिथीही सांगितली आणि वर विचारले, "मला भ्रम झालाय असं वाटतं का तुला?" मी ओशाळले, पण कोडे सुटले नाही.

ते सुटले एका रविवारी. आमच्या खोलीतील न्हाणीघराचा नळ बिघडला होता, म्हणून मी सासूबाईंच्या न्हाणीघरात आंघोळीस गेले. पहिली बादली कोमट भरली. दुसरी बादली गार. अंगाला साबण लागलेला, दात वाजत आहेत, अशा स्थितीत माझ्या यादीतील सारे आजार एकदम निरर्थक ठरले.

"आई, पाणी असंच येतं का हो रोज?"

"महिना झाला असेल. तुझी दवाखान्याची घाई, नातवाची कॉलेजची घाई. त्यात माझ्या पाण्याचं कुठे सांगत बसू?"

रुग्णाला विचारावयाचे प्रश्न मग मी त्या गीझरला लावले. तक्रार एकाएकी उद्भवली की हळूहळू? पाणी मुळीच तापत नसेल, तर वीजपुरवठा, आतील सुरक्षा-कटआउट किंवा तापणारी कॉइल यांत दोष असण्याचा संभव असतो. आरंभी कढत येऊन लवकर गार होत असेल, तर टाकी लहान आहे, आधीच्या माणसाने पाणी संपवले आहे किंवा आत थंड पाणी वर मिसळते आहे. आमच्याकडे पाणी आरंभापासूनच कोमट होते आणि ते हळूहळू तसे झाले होते.

आमचा गीझर 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा. 20 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत नेण्यास त्याला साधारण वीस मिनिटे लागावयास हवीत. टाकीतील ऊन पाणी काढून टाकून मी घड्याळ लावले. लाल दिवा नऊ मिनिटांतच मालवला. म्हणजे पाणी तापण्यापूर्वीच गीझर 'तापले' असे सांगत होता आणि आम्ही सारे त्या दिव्यावर विश्वास ठेवून होतो.

कारागिराने वीज तोडून गीझर उघडला, तेव्हा तळातून पाटीभर पांढुरका गाळ निघाला. आमच्या इमारतीत बोअरचे जड पाणी येते. त्यातील क्षार वर्षानुवर्षे तळाशी साचले होते. त्या गाळात कॉइलची उष्णता कोंडत होती आणि शेजारचा थर्मोस्टॅट ती जाणवताच वीज बंद करीत होता. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडीही झिजून गेली होती. सफाई झाली, कांडी बदलली, आठ वर्षांत प्रथमच.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. वार्धक्यात शरीराची ऊब टिकवण्याची शक्ती कमी होते. गार पाणी अंगावर पडताच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. कुडकुडत घाईने उठताना ओल्या फरशीवर पाय घसरतो. खुब्याच्या हाडाचे अस्थिभंग न्हाणीघरात होतात, ते अशाच घाईने.

याच्या उलट धोकाही ध्यानात असू द्यावा. पाणी पुरत नाही म्हणून अनेक जण थर्मोस्टॅट पूर्ण वाढवतात. 60 अंशांच्या पाण्याने निरोगी प्रौढाची त्वचाही काही सेकंदांत खोलवर भाजते. वृद्धांची त्वचा पातळ असते, आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसास ते कळतही नाही. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग ऊन मिसळावे आणि कोपर बुडवून पाहावे. आंघोळीस बसण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करावे. गीझर घरी उघडण्याचे धाडस करू नये. आणि गॅसचा गीझर असेल, तर तो बंदिस्त न्हाणीघरात मुळीच नसावा. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

हिशेबाची एक गोष्ट मला याच निमित्ताने उमगली. 15 लिटर पूर्ण तापलेले पाणी गार पाण्यात मिसळून 40 अंशांचे जेमतेम 30 लिटर, म्हणजे दीड बादली होते. एका माणसाचे स्नान त्यात होते, लागोपाठ दोघांचे नाही. आता नातवाच्या आंघोळीनंतर आम्ही अर्धा तास जाऊ देतो. गीझर दरवर्षी दिवाळीपूर्वी साफ करून घ्यावयाचे ठरवले आहे.

सासूबाईंच्या आजाराचे औषध अशा रीतीने कारागिराकडे निघाले. त्यांची पूजा पुन्हा सुरू झाली. माझ्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली आहे: एका घरात राहून, रोज त्यांची नाडी पाहणाऱ्या मला महिनाभर ती दुसरी बादली दिसली नाही. आता दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी विचारते, "आंघोळीचं ऊन पाणी पुरतं ना?" काही जण सोबत आलेल्या मुला-सुनेकडे आधी पाहतात आणि मग "पुरतं" म्हणतात.

तेव्हा वाचकहो, नुसते विचारून थांबू नका. या आठवड्यात एकदा, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या न्हाणीघरात, त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच पाण्याने स्वतः आंघोळ करून पाहा.