अर्ध्या तासाची सुनावणी

5 जून 2003 च्या रात्री नाशिक जिल्ह्यात मळ्यातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. घरातले पाच जण मारले गेले. जखमी आई आणि तिचा मुलगा वाचले. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी झाले. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्यांना जन्मठेप दिली. सरकार वर गेलं आणि 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. रिव्ह्यू, म्हणजे फेरविचार अर्जही, फेटाळला गेला.

नगरच्या जिल्हा न्यायालयात आम्ही वकील या वळणाला आलेली माणसं नेहमी पाहतो. इथल्या खटल्याचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं, तिथून दिल्लीला. पाथर्डीकडचे एक म्हातारे बाबा परवा आले. पोराची जन्मठेप दिल्लीतही कायम झालेली. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी निकालाची नक्कल काढली. मधली पानं घामानं चिकटलेली. "साहेब, अजून वर कोण असतं?"

मला तो नाशिकचा खटला आठवला.

रिव्ह्यू बहुधा न्यायमूर्तींच्या दालनातच, कागद फिरवून निकाली निघतो. वकिलाला तोंड उघडायला मिळत नाही. 2 सप्टेंबर 2014 च्या मोहम्मद आरिफ निकालात घटनापीठानं फाशीपुरता अपवाद केला: असा रिव्ह्यू तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावा, आणि त्यासाठी अर्ध्या तासाची मर्यादा पुरेशी धरली. ज्यांचा रिव्ह्यू आधीच फेटाळला होता पण फाशी झाली नव्हती, त्यांनाही ही मुभा मिळाली. नाशिकच्या सहा जणांचं दार त्यातून उघडलं. 2018 साली जुना निकाल मागे घेऊन अपिलं नव्यानं ऐकायचं ठरलं.

आणि सापडलं काय? नवा साक्षीदार नाही, नवा अहवाल नाही. घटनेनंतर दोन दिवसांनी त्या जखमी आईनं पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंतून चौघांना ओळखलं होतं. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. या ओळखीचा कागद सोळा वर्षं रेकॉर्डमध्येच होता! तीन पायऱ्या चढून गेलेल्या निकालांपेक्षा मला हेच जास्त खटकतं.

5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "मग आपलाही रिव्ह्यू टाका की." टाकता येतो, मी म्हणालो, पण पोराला जन्मठेप आहे, फाशी नाही. ती अर्ध्या तासाची तोंडी सुनावणी त्याला हक्कानं मिळणार नाही, अर्ज दालनातच वाचला जाईल. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मग तुम्हीच वाचा आधी. पहिल्या पानापासून."

पंचनामे, जबाब, ओळख परेडचं टिपण असा बराच गठ्ठा होता. मी ओळख परेडपासून सुरुवात केली.