२६ तारखेचं तिकीट

पुरीहून निघालेली गाडी पहाटे हावड्याला लागली, तेव्हा आमच्याकडे चार बॅगा, खाज्याच्या दोन टोपल्या आणि प्रत्येकाच्या चपलेत थोडी थोडी वाळू होती. पिवळी टॅक्सी हावडा पुलावर चढली. खाली हुगळी धुक्यात बुडालेली. एरवी पूल आला की लेक खिडकीतून ओरडते, "आलं आपलं कोलकाता!" त्या दिवशी ती आजीच्या मांडीवर झोपली होती आणि आम्ही तिघं मोठी माणसं गप्प होतो.

पुरीला जायचं बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मनात होतं. ते राहूनच गेलं. सांगलीला त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही आईंना बदल म्हणून महिनाभर इकडे घेऊन आलो. त्या येताना परतीचं तिकीट काढायला लावूनच आल्या. २६ डिसेंबर, आझाद हिंद एक्स्प्रेस, पुण्यापर्यंत. तिथून दीर त्यांना सांगलीला नेणार. मग त्या मोठ्या घरात एकट्या. "इथंच राहा ना" असं आम्ही दोघांनी आपापल्या परीनं तीन-चारदा म्हणून पाहिलं होतं. "घर बंद राहिलं की वाळवी लागते," एवढंच त्यांचं उत्तर.

पुरीला जगन्नाथाचं दर्शन झालं, महाप्रसाद झाला. पहाटे किनाऱ्यावर बसल्या असताना त्या एकदाच स्वतःहून बोलल्या. "आपल्याकडं गणपतीपुळ्याला सूर्य समुद्रात बुडतो. इथं वर येतोय." नंतर पुन्हा गप्प. मला वाटलं होतं, पुरी झाली की मन हलकं होईल. उलट, आता करायचं काही उरलं नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं.

घरी पोचलो ती २२ तारीख. नवरा अंघोळ करून तसाच ऑफिसला गेला. मी मशीनला कपडे लावले. सहलीनंतरचा पहिला दिवस बायकांच्या वाट्याला कसा येतो, ते काही वेगळं सांगायला नको.

आम्ही रिपन स्ट्रीटजवळ भाड्यानं राहतो. डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत खिडक्या-खिडक्यांतून कागदी तारे लटकतात. बंगाली लोक नाताळला बडोदिन म्हणतात आणि तो साजरा करायला ख्रिश्चन असावंच लागतं, असं इथं कुणालाही वाटत नाही. खालच्या मजल्यावर एक अँग्लो-इंडियन आंटी एकट्या राहतात. दुपारी त्यांनी दार वाजवलं. गुडघा धरलाय, केकचं सामान बेकरीत न्यायचंय, तुझी मुलगी जरा हात देईल का, असं विचारत होत्या. मी आणि लेक निघालो. आई चपला घालून आमच्या आधी दारात उभ्या. "घरात बसून तरी काय करू?"

कोलकात्याच्या या भागाची एक जुनी पद्धत आहे. घरी ओव्हन नसलेल्या काळापासून लोक नाताळच्या आधी आपापलं सामान घेऊन तालतल्याकडच्या जुन्या बेकऱ्यांत जातात. मैदा, लोणी, साखर, अंडी, सुकामेवा सगळं आपलं. मिसळणं आणि भाजणं बेकरीचं. सणाच्या दिवसांत तिथं बाकांवर माणसं तासन् तास बसलेली असतात. कारागीर बहुतेक मुसलमान, केक ख्रिश्चनांचे, रांगेत बंगालीही. न्यू मार्केटमधलं १९०२ सालापासूनचं नाहूमचं दुकान ज्यू कुटुंबाचं, आणि नाताळच्या आधी तिथल्या फ्रूटकेकसाठी सगळं शहर रांग लावतं. या शहरात हिशेब असाच असतो.

पातेली, डबे आणि अंड्यांचा ट्रे सांभाळत आम्ही बेकरीत शिरलो. आत भट्टीची धग, आणि भाजलेल्या साखरेचा वास. आंटींच्या बरणीचं झाकण उघडलं तशी आई म्हणाल्या, "हा कसला वास गं?" मनुका आणि काजू कित्येक आठवडे रममध्ये मुरले होते. "औषध असेल," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "एवढी काही मी खुळी नाही."

एका पोरानं आमच्या सामानाला नंबराची चिठ्ठी लावली आणि आईंचा चेहराच बदलला.

"अगं, हे तर आपल्या नानकटाईसारखंच!"

मग त्या बोलतच सुटल्या. दिवाळीच्या आधी सांगलीत बेकरीपुढं बायकांची रांग लागायची. रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर, सगळं डब्यांत मोजून न्यायचं. बाबा सायकलच्या कॅरिअरला डबे बांधायचे. एकदा सुतळी सुटली आणि पिठीसाखर रस्त्यावर सांडली, तर घरी न सांगता त्यांनी दुकानातून नवीन आणली, तीही बारीक साखर! "सगळ्या नानकटाया कचकच लागल्या. यांनी मात्र एकट्यानं निम्मा डबा संपवला. चांगल्या झाल्यात, चांगल्या झाल्यात म्हणत." बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी बोलताना आईंचा आवाज भरून आला नाही, असं पहिल्यांदा झालं. लेकीनं विचारलं, "आजी, मग खरंच चांगल्या झाल्या होत्या का?" "छे गं. दात पडायची वेळ आलेली."

कारागिरानं मोठ्या परातीत लोणी-साखर हातानं फेसायला घेतली. आई अंड्याला शिवत नाहीत, पण परातीजवळून हलायला तयार नव्हत्या. मला कानात म्हणाल्या, "लोण्यावर नजर ठेव. गर्दीत बदलाबदल होते." शेजारच्या बाकावरची म्हातारीही आपल्या लोण्यावर अशीच डोळे लावून बसली होती. दोघींची नजरानजर झाली आणि दोघी हसल्या. भाषा एक नव्हती, संशय एकच होता.

थोड्या वेळानं आमच्या आईंनी सांगलीच्या हिंदीत कारागिराला विचारलं, "भय्या, तुम नानकटाई भूंजके देते क्या? अंडा नहीं. हमारा सामान."

"देंगे माँजी. लेकिन अभी पच्चीस तक भट्टी खाली नहीं. सत्ताईस को आओ."

त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा लवकर आला आणि आम्ही पार्क स्ट्रीटला गेलो. काय ती रोषणाई! रस्त्यावर दिव्यांच्या कमानी, अॅलन पार्कमध्ये गाणी, १९२७ पासूनच्या फ्लुरीजच्या दारात रांग, आणि माणसं इतकी की चालावं लागत नाही, आपोआप पुढं जातो. थंडी म्हणाल तर पुण्यापेक्षा काही जास्त नाही, पण बंगाली बाबूंनी माकडटोप्या चढवलेल्या. लेकीला चमकणारी शिंगं हवी होती, ती घेतली. आई कठड्याला टेकून नुसत्या माणसं बघत होत्या. दमल्या असतील म्हणून मी दोनदा विचारलं. "थांब की जरा," म्हणाल्या.

परत आलो तर आंटींनी केकचा एक तुकडा ठेवला होता. आईंनी तो हुंगला आणि लेकीला दिला. मग ओट्याशी जाऊन माझे डबे उघडून पाहिले. रवा आहे, मैदा आहे, तूप कमी आहे.

"काय रे," नवऱ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "तिकीट रद्द केलं तर किती कापून घेतात?"

त्यानं मोबाइलवर पाहिलं. "आत्ता केलं तर १८० रुपये. वर जीएसटी."

"एवढे?" त्यांनी तुपाची बरणी हलवून पाहिली. "कर जा. आणि येताना उद्या अर्धा किलो तूप आण."