मला टांझानियाला जायचं होतं...

हसू नका, पण मला खरंच आफ्रिकेत जायचं होतं!

झालं असं की लंडनला राहणारी माझी चुलतबहीण मागच्या वर्षी टांझानियातल्या एका खेड्यात मुलांना शिकवायला गेली होती. तिचे फोटो आले. लाल माती, पत्र्याची शाळा, दात दाखवणारी पन्नास मुलं आणि मधोमध ही. हॉस्टेलच्या कॉटवर पडल्या पडल्या मी ते फोटो किती वेळा पाहिले असतील! रात्री दोन वाजता उठून सगळी माहिती वाचली आणि फॉर्मसुद्धा अर्धा भरला. विमानाचं तिकीट आणि राहण्याखाण्याचा खर्च आपला आपण करायचा, हे शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं. पप्पांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "आधी एम-थ्री काढ."

ही गोष्ट रूममेटने सगळीकडे पसरवली आणि ती आमच्या एनएसएसच्या सरांपर्यंत पोचली. सर म्हणाले, "आफ्रिका राहू दे. सुरगाण्याला जातेस का? एका पाड्यावरच्या शाळेला मदतीला कुणीतरी हवंय. तीन आठवडे." डिसेंबरच्या सुरुवातीला पेपर संपले होते. मी आणि रूममेट, दोघींनी सॅक भरल्या. मनात म्हटलं, आफ्रिका नाही तर नाही, फोटो तर येतील!

नाशिकहून सुरगाणा साधारण नव्वद किलोमीटर. एसटी दिंडोरीवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यात वाकून काम करणारी माणसं. आम्ही खिडकीतून फोटो काढले. वणी मागे पडलं, सप्तशृंगीचा डोंगर मागे पडला, मग बागा संपल्या आणि मोबाईलच्या रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागल्या. सुरगाणा हे १९४८ पर्यंत एक छोटंसं संस्थान होतं. पलीकडे लगेच गुजरातचा डांग जिल्हा. आपल्याच जिल्ह्यातला तालुका, पण वीस वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मला माहीत होती, सुरगाण्यातही स्ट्रॉबेरी पिकते हे माहीत नव्हतं.

राहायची सोय अंगणवाडीच्या मावशींकडे झाली. पहिले चार दिवस कसे गेले ते सांगत नाही... बरं, सांगतेच! पाणी उताराखालच्या विहिरीवरून आणायचं. पहिल्या दिवशी मी एक हंडा उचलला आणि घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी माझ्या जीन्सवर आलं. माझ्या कमरेएवढी एक मुलगी डोक्यावर दोन हंडे घेऊन मला ओलांडून गेली. वर वळून हसली! जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. मेसच्या डाळीला नावं ठेवणारी मी तिसऱ्या भाकरीला हात पुढे करायला लागले. पहिल्याच आठवड्यात रात्री लांबून पावरीचे सूर आले. मला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. मावशी म्हणाल्या, "लग्न नाही गं, डोंगऱ्या देव." मार्गशीर्षातला हा त्यांचा मोठा उत्सव. नाशिकमध्ये राहून मी क्रिसमस कॅरोल पाठ केलेली, डोंगऱ्या देवाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पण खरी फजिती शाळेत झाली.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड. त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी बोलण्यापुरतं आणि रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं! हा लेख लिहितानासुद्धा रूममेटने किती वेलांट्या दुरुस्त केल्या ते तिलाच विचारा. अशी मी तिसरी-चौथीच्या वर्गासमोर खडू घेऊन उभी राहिले आणि पुस्तकातलं उदाहरण वाचलं, "एका आगगाडीला आठ डबे आहेत..."

वर्ग गप्प. मग एका मुलाने हळूच विचारलं, "बाई, डब्यांत काय आहे?"

मी हसले. नंतर लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. त्या तालुक्यात रेल्वेच नाही. डबा म्हणजे त्यांच्या लेखी तेलाचा नाहीतर जेवणाचा. मी समजावून सांगायला गेले तर माझे शब्द त्यांना कळेनात, आणि ते आपापसात जे बोलत होते त्यातलं मला निम्मंही कळेना. घरी ही मुलं कोकणी बोलतात. ही कोकणी गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा लोकांची. पुस्तकातलं मराठी त्यांनाही शाळेत येऊनच शिकावं लागतं. थोडक्यात काय, वर्गात एक भाषा होती जी त्यांना नीट येत नव्हती आणि मलाही नीट येत नव्हती, आणि त्या भाषेत मी त्यांना गणित शिकवत होते!

त्या रात्री मला बहिणीची एक गोष्ट आठवली. तिला पाठवायच्या आधी काही आठवडे स्वाहिली शिकवली होती. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात आणि पुष्कळ मुलांच्या घरची भाषा वेगळीच असते, हेही तिला आधीच सांगितलं होतं. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सने १९६१ मध्ये पहिली तुकडी घानाला पाठवली. त्यांचे स्वयंसेवक आजही दोन वर्षं राहतात आणि सुरुवातीचे महिने गावातल्या घरात राहून भाषाच शिकतात. मला मात्र सुरगाण्याला जाताना कुणी काही शिकवलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही. का विचारायचं? आपलाच जिल्हा, मराठीच तर बोलतात! लांब जाणारा माणूस निदान आपल्याला काही येत नाही असं समजून जातो. मी जवळच जात होते, म्हणून सगळं येतं असं समजून गेले.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. फळ्यावर ६९ लिहिलं आणि माझी बोबडी वळली. सिक्स्टी-नाईन... म्हणजे नव्याहत्तर? मुलं खो खो हसायला लागली. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "एकोणसत्तर!" हीच ती, दोन हंडेवाली. मी सारवासारव केली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ नऊ' असं वाचायची पद्धत आली होती, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले होते. आता मला तोच आधार! म्हटलं, "साठ नऊ म्हटलं तरी चालतं." ती म्हणाली, "ते पुस्तकात. बाजारात एकोणसत्तरच म्हणतात."

त्या दिवसापासून ती माझी मास्तरीण झाली. रोज संध्याकाळी विहिरीवर पाच आकडे. एकवीसपासून सुरुवात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. व्हायव्हाला एक्स्टर्नलसुद्धा इतका कडक नसतो! बदल्यात मी तिला भागाकार शिकवत होते. फळ्यावर तिला भागाकार जमत नसे. पण 'मुकादमाने आठवड्याची इतकी हजेरी दिली, घरातली तिघं कामाला होती, तर एकाची रोजची किती?' असं विचारलं की बोटं न मोजता उत्तर. हे कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, "दिंडोरीला. बागेत." द्राक्षाच्या घडाची विरळणी कशी करतात तेही तिनेच सांगितलं. घडात मणी दाटले की छोट्या कात्रीने काही मणी काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले चांगले फुगतात. बसमधून मी ज्यांचे फोटो काढले होते ती माणसं कोण होती, हे मला तेव्हा कळलं.

मावशींशी रात्री गप्पा व्हायच्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता, साधारण १८० किलोमीटर. वनजमिनी नावावर व्हाव्यात ही त्यातली मोठी मागणी. मी तेव्हा शाळेत होते, टीव्हीवर रक्ताळलेले पाय पाहिले होते आणि चॅनल बदललं होतं. मावशी त्या मोर्चात चालल्या होत्या. तळपायावरचा व्रण त्यांनी कंदिलाच्या उजेडात दाखवला. मी 'यांना मदत करायला' आले आहे, हे वाक्य त्या रात्रीनंतर मी कुणाला म्हटलं नाही.

आम्ही साठपर्यंत पोचलो आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. पटावरची बत्तीस मुलं आम्ही आलो तेव्हाच चोवीस झाली होती, त्या सोमवारी एकोणीस झाली. पावसाळ्यात धो धो पाऊस, भात आणि नागली घरची. पण दिवाळीनंतर शेतात काम नाही, म्हणून घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात. धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलीही जातात. गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. गुरुजींना ही सगळी मुलं घराघरासकट पाठ होती. ते इतकंच म्हणाले, "होळीला येतील परत. मग पुन्हा मागच्या पानापासून."

वर्गाची विरळणी झाली होती, आणि राहिलेल्या मण्यांना मी भागाकार शिकवत होते.

परत आल्यावर लायब्ररीत अनुताई वाघांविषयी वाचलं. ताराबाई मोडकांबरोबर काम करायला त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहिल्या आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तेच काम करत राहिल्या. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! आमचे तीन आठवडे त्यांच्या सत्तेचाळीस वर्षांपुढे काय? पण एक गोष्ट डोक्यात बसली. सुरगाणा लांब आहे, दिंडोरी तर आमच्या हॉस्टेलपासून तासाभरावर!

मावशींकडून मुकादमाचा नंबर घेतला. पहिल्या रविवारी चुकीच्या बागेत गेलो, राखणदाराने हाकललं. दुसऱ्या रविवारी सापडली. वेलींच्या मांडवाखाली झोळी बांधलेली, त्यात धाकटा भाऊ, आणि ही एका हाताने झोका देत बसलेली. कार्ड पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेलं होतं. शाळा दोन किलोमीटरवर, पण झोळी सोडून जाणार कशी? मला काय बोलावं ते सुचेना. तीच म्हणाली, "बाई, एकसष्टपासून म्हणा."

आता दर रविवारी आम्ही दोघी जातो. मांडवाखाली आठ-दहा मुलं जमतात. त्यातली सगळी शाळेत टिकतील का, ती चौथीत जाईल का, मला सांगता येणार नाही. सबमिशनच्या आठवड्यात आम्हीही दांडी मारली, हेही प्रामाणिकपणे लिहिते. कोकणी थोडी थोडी कळायला लागली आहे, बोलले की अजून हसतात. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी सात वाजता गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर या. शिकवता येतं का, हे कुणी विचारणार नाही. झोका देता आला तरी पुरे, तेवढ्यात झोळीजवळची मुलगी पाटी घेऊन बसते.

आणि हो, एकोणसत्तर आता येतं मला. त्र्याहत्तरपर्यंत आले आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी